माळ्यावरचं मीठ

बस्त्याव, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळे सांगतायत. मी बोलणार आहे. चर्चमध्ये पाद्रींनी तुझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की माझ्या वाट्याला चांगलं बोलायला काही उरलंच नाही. दिलदार होतास, हसतमुख होतास, दाराशी आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाहीस. सगळं खरं. पण तू एक नंबरचा खोटारडा होतास, आणि हे तिथे कुणी बोललं नाही. तेवढं मला आता बोलू दे.

तुला पुरून महिना होत आला. मी अजून रोज माझं फ्रीजदुरुस्तीचं दुकान बंद करून कट्टा गावाहून तुझ्या घरी येतो. वेंगुर्ल्याच्या गिऱ्हाइकाचा डीप फ्रीझर तसाच उघडून पडलाय, त्याच्या शिव्या खातो, पण येतो. कशासाठी, तर तुझ्या हॉलमधल्या त्या काचेच्या टाकीसाठी. रोझी वहिनी दार उघडते, मी चप्पल काढतो, बाह्या वर करतो.

आठवतं ना, ती टाकी घरात आली तेव्हा काय तमाशा झाला होता? जहाजावर कुक म्हणून उभं आयुष्य काढून तू परत आलास. लोकांना वाटलं आता हा मजला चढवेल, नाहीतर हॉटेल काढेल. तू काढलास समुद्र, तोही घरात. समोरच्या माडांच्या पलीकडे खराखुरा समुद्र गाजत होता आणि हा माणूस गोव्याहून मिठाच्या बादल्या आणून, फिल्टरच्या पाण्यात कालवून खारं पाणी बनवत बसलेला. कारण किनाऱ्याचं पाणी पावसात गढूळ होतं, जेटीजवळ त्याला डिझेलचा तवंग, आणि तुझ्या नाजूक प्रवाळांना ते चालणार नव्हतं. सगळी वाडी हसली. "समुद्राच्या काठार रवता आणि मीठ इकत हाडता!" मीही हसलो. मग तू मला म्हणालास, "वासू, हसा नको. पाणी थंड ठेवचा लागता. ता काम तुझा."

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून मोठा मान काय द्यायचा! जुन्या बाटल्यांच्या कूलरमधून मी तुला पाणी थंड ठेवायचं यंत्र जुळवून दिलं, आणि त्या दिवसापासून टाकी तुझी राहिली नाही, आपली झाली. तू कितीही म्हणालास माझी, तरी आपली.

पहिले काही आठवडे तर टाकीत नुसते दगड आणि पाणी. बघायला येणारे विचारायचे, "मासे खंय रे?" तू म्हणायचास, "येतले. आधी पाणी पिकूक व्हया." मला कळेना पाणी पिकतं म्हणजे काय. तू मला स्टुलावर बसवून समजावलंस, की दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते माशांची घाण पचवतात, आणि ते वाढायला वेळ लागतो. घाई केली तर पहिला मासा दोन दिवसांत मरतो. माझ्या धंद्यात सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. थांबायचं कसं ते मला तुझ्यामुळे थोडंफार जमलं, आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच फुगला असतास.

मग ते केशरी जोडपं आलं, पांढऱ्या पट्ट्यांचं. आल्या आल्या शेजारच्या पांडूनं काचेला नाक लावून विचारलं, "ह्येंची कढी बरी होतली काय रे?" तू त्याला तसाच दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलंस आणि बांगड्याचं तिखलं वाढलंस. "ह्या खा, आणि त्येंच्याकडे तशा नजरेन बघा नको." पोट दुखेपर्यंत हसलो होतो आपण. मऊ प्रवाळांना नावं मी ठेवली. शेवंती, छत्री, आणि तो लालसर गुबगुबीत म्हणजे भटजी. तुला भटजी हे नाव फार आवडलं होतं.

गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावरची ती पहिली खेपही आठवत असेल. माझ्या व्हॅनमध्ये मागे पांढऱ्या बादल्या, गोव्याकडून येणारी गाडी, म्हणजे दारूचा संशय. हवालदारानं थांबवलं आणि अगदी शुद्ध मराठीत विचारलं, "यात काय आहे?" तू म्हणालास, मीठ. त्याचा विश्वास बसेना. गोव्याहून मालवणला कुणी मीठ नेतं का? झाकण उघडायला लावलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि त्याची शुद्ध मराठी गळून पडली. "अरे, ह्या तर खराच मीठ!" पुढे तो आपल्याला ओळखू लागला. गाडी दिसली की लांबूनच हात करायचा.

मग तू माझ्याबरोबर येणं बंद केलंस. "तुझ्या धंद्याचो खोळंबो कित्याक?" म्हणालास. एसटीनं जाईन म्हणालास, दुकानदार बादली स्टँडवर आणून देतो म्हणालास. मला ते पटलं, कारण तेव्हा लग्नसराई होती आणि प्रत्येक हॉलचा फ्रीझर नेमका आदल्या दिवशी बंद पडत होता. तू महिन्यातून एकदा जायचास. मग दोनदा जाऊ लागलास. दर खेपेला एक बादली घेऊन यायचास आणि मला फोन करून सांगायचास, "हाडलंय रे मीठ."

आणि त्याच दिवसांत नायट्रेट चढायला लागलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुला सांगायची गरज नाही. मासे खातात, घाण करतात, उरलेलं खाणं तळाशी कुजतं. ते सगळं पचून पचून शेवटी त्याचं नायट्रेट होतं, आणि तिथे गाडी थांबते. ते साठतच राहतं. फार साठलं की काचेवर शेवाळ चढतं, प्रवाळ मिटून बसतात, मग एकेक करून विरघळतात. आपल्यासारख्या घरगुती टाकीत त्यावर मुख्य उपाय दोन. खायला कमी घालायचं, आणि दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून ताजं खारं पाणी घालायचं. हे मला तूच शिकवलंस. रविवारी चर्चमधल्या मिसेवरून आलास की कोट काढून आधी बादल्या उचलायचास आणि मग चहा घ्यायचास.

टाकीचं पाणी तपासायच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळट यायला हवं. ते नारिंगी यायला लागलं, मग लाल, मग थेट कोकमाच्या आगळासारखं. मी विचारलं, पाणी बदललंस? "कालच बदललंय." मग औषध शिळं असेल म्हणून मी नवीन मागवलं. त्यातही लाल. फिल्टरचा स्पंज धुतला. दगडांच्या मागे काही मरून पडलंय का ते बॅटरी लावून बघितलं. पाण्याचा फिल्टर तपासला, पंप उघडला, माझं थंड करायचं यंत्र उघडून परत बसवलं. दर वेळी तुला विचारायचो, पाणी बदलतोस ना नेमानं? आणि तू त्या खुर्चीत बसून, माझ्या डोळ्यांत बघून सांगायचास, "बदलतंय रे, किती येळा सांगू?"

बस्त्याव, माझ्या धंद्यात गिऱ्हाईक खोटं बोलतं हे मला माहीत आहे. फ्रीज आपोआप बंद पडला म्हणतात, आणि आत सुरीनं बर्फ खरवडल्याची भोकं असतात. म्हणून मी कुणावर विश्वास ठेवत नाही. एका तुझ्यावर ठेवला.

मग उरलं काय? खाणं. तू माशांना लाडानं भरवायचास हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. येईल त्याच्या हातात डबी द्यायचास. पोस्टमन आला, घाल दोन दाणे. गॅसवाला आला, घाल. म्हणून मी तुला धरला. त्या शेवटच्या रविवारी आपलं जे वाजलं ते अख्ख्या वाडीनं ऐकलं. मी म्हणालो, डबी कुलपात ठेव, आठवडाभर एक दिवसाआड घाल, मासे मरत नाहीत. तू म्हणालास, "माझ्या घरात कोण उपाशी रवाचो नाय." मी म्हणालो, तुझ्या लाडानं मरतील ते. तू म्हणालास, "बघ, कसो बघता माझ्याकडे. भूक लागली आसा त्याका." मी म्हणालो, मासा कायम तसाच बघतो, त्याला पापण्या नाहीत. तुला हसू आलं होतं, मी पाहिलं, पण तू ते गिळलंस आणि तोंड फिरवलंस. तुझे पाय सुजलेले होते. मी विचारलंही, हे काय? "चर्चच्या फेस्ताच्या जेवणाक उभो होतंय दिसभर, सुजले." वाद अर्धाच राहिला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघतो तुला.

पुढच्या रविवारी तू शवपेटीत होतास.

आणि मग तुझ्या घरात जे झालं ते तू बघायला हवं होतंस. सगळी वाडी लोटली. हिंदू, ख्रिस्ती, सगळे. रोझीचा हात धरायचे, रडायचे, आणि मग टाकीकडे वळायचे. तूच शिकवलं होतंस ना त्यांना? "बस्त्यावच्या माशांका दोन दाणे घालतंय," म्हणून सुशीलाकाकी पुढे झाली आणि तिच्यामागे रांग लागली. मी म्हटलं, काकी, नको, पाणी बिघडलंय. तर काकी डोळे पुसत मला म्हणते, "आमच्यात कावळो शिवता. ह्येंच्यात तां नाय. माशान खाल्ल्यान म्हणजे पावला त्याका." एका माणसाचा जीव गेलाय आणि मी नायट्रेट सांगत बसू?

मी टाकीवर चादर टाकली. रोझीच्या मावशीनं ती काढली, म्हणाली, त्यांनाही कळू दे मालक गेला ते. मी खाण्याची डबी खिशात घातली. तर लोकांनी चहाबरोबरचे पाव कुस्करून टाकले. पाव! सातव्या दिवसाच्या मिसेपर्यंत हे चाललं होतं. रोज सकाळी कुणीतरी पाव आणायचं, रोज संध्याकाळी टाकीत पांढरा साका. झिंगा सगळ्यांत आधी गेला, तो लाल पट्ट्यांचा, जो तुझ्या बोटाची नखं साफ करायचा. शेवंती मिटली ती उघडेना. सगळे तुझ्यावरच्या प्रेमापोटी तुझी टाकी मारत होते, आणि मी भिंतीला टेकून दात आवळत उभा होतो. तू असतास तर हात जोडून त्यांना आणखी पाव दिले असतेस.

मिसेनंतर, तुला पुरायला आलेला तुझा मुलगा त्याच्या जहाजावर परत गेला. घर रिकामं झालं. मी रोझीला म्हटलं, वहिनी, आता पाणी बदलायलाच हवं, मीठ आहे का शिल्लक? ती म्हणाली, "वर माळ्यार आसा. ता घेवन जावा सगळा. माका बघूक नको."

शिडी लावून मी वर चढलो. आणि बघतच राहिलो. बादल्या एकावर एक, पार कौलांपर्यंत. एकीचंही सील तुटलेलं नाही. प्रत्येक खेपेची एक. तू आणलेली एकही बादली उघडली नव्हतीस.

तिथेच बसलो मी, धुळीत. आधी मला फक्त टाकीचं कळलं. कित्येक महिने पाण्याचा थेंब बदललेला नव्हता. नळी खरं बोलत होती, पंप ठीक होता, मी बरोबर होतो, फक्त तू खोटं बोलत होतास. मग राग आला. खाली उतरलो आणि रोझीला विचारलं, त्यानं पाणी का बदललं नाही? ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पदर तोंडाला लावला.

"उचलूक जमा नाय होता त्याका," ती म्हणाली. "बादली काय, लोटो पण जड जाय. हाडलेली बादली पण रिक्षावालोच माळ्यार चढवन जाय. भावजी, तुमका सांगा नको म्हणान शपथ घातलेली त्येणी. किडनी गेलेली दोनय."

मीठ हे निमित्त होतं. तू गोव्याला डॉक्टरकडे जात होतास. मला संशय येऊ नये म्हणून येताना बादली. रोझीनं सगळं सांगितलं. डॉक्टरनं डायलिसिस लावायला सांगितलं होतं, आठवड्यातून दोनदा, नाहीतर दिवस भरतील असं स्पष्ट बजावलं होतं. त्यासाठी गोव्यालाही जायला नको होतं, जिल्ह्यात सोय होती. तू नको म्हणालास. रोझी पाया पडली तुझ्या. तू तिला म्हणालास, "आठवड्यात दोनदा कोणाच्या गळ्यात पडू? ल्योक बोटीर. वासूचो धंदो आसा."

वासूचा धंदा आहे. वा रे वा.

तू माझं नाव घेतलंस, बस्त्याव. नकार देताना माझं नाव पुढे केलंस. मला न विचारता माझ्याकडून नाही म्हणून टाकलंस. मी शाळेपासून तुझ्यासाठी कधी नाही म्हटल्याचं तुला आठवतं का? मला तरी आठवत नाही.

लोक आता मला हळूच म्हणतात, वासू, तू तर सारखा जात होतास, तू कसं ओळखलं नाहीस? नाही ओळखलं. आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही. मी विचारलं होतं. पायांचं विचारलं होतं, पाण्याचं विचारलं होतं, कितीदा विचारलं ते तुला माहीत आहे. समोरचा माणूस हसत हसत खोटं बोलत असेल तर मेकॅनिकनं काय करायचं? दोष मी शोधत होतो तिथे नव्हता. तो खुर्चीत बसून मला चहा पाजत होता.

आणि कुणी खोटं बोलावं? ज्यानं मला शिकवलं त्यानं! घाण आपोआप जात नाही, साठत जाते, पाणी बदलण्याला पर्याय नाही, कंटाळा केलास तर जीव जातात, हे मला स्टुलावर बसवून कुणी सांगितलं होतं? माशांच्या पाण्यासाठी रविवार न चुकवणारा माणूस स्वतःच्या रक्तासाठी आठवड्यातून दोन दिवस खाटेवर पडायला तयार झाला नाही. मला हे अजून गिळवत नाही. दुःख होतंच आहे, पण दुःखाआधी राग येतो, आणि राग आला की हातातला पाना कुठे ठेवला तेही आठवत नाही.

वाडीतल्या कुणाच्या घरी ताप आला तर तू पेज घेऊन जायचास. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू बोटीवरून सुट्टीवर आलेला असूनही रोज तिच्यासाठी सूप करून आणायचास, आणि ती माझ्या हातचं न खाता तुझ्या हातचं खायची. तेव्हा मी तुला म्हटलं का, राहू दे बस्त्याव, तुझी सुट्टी आहे? घेतलं मी. निमूट घेतलं, कारण तसंच असतं. तुला मात्र नुसतं द्यायचं होतं. घ्यायची वेळ आली तेव्हा तुला लाज वाटली. लोक याला चांगुलपणा म्हणतात. म्हणू देत. मला तो माज वाटतो.

असो. टाकीचं सांगतो. सगळं पाणी एकदम बदलता येत नाही. इतके महिने त्या घाणीत राहिलेल्या जिवांना एकदम स्वच्छ पाणीही सोसत नाही. म्हणून थोडं थोडं. माळ्यावरची बादली उतरवतो, मीठ कालवतो, खारटपणा मोजतो, जुनं पाणी नळीनं ओढून काढतो, नवं हळू ओततो. भटजी गेला. छत्री अर्धी गेली. केशरी जोडपं आहे. पाव खाऊनही जगलं, कौतुक आहे. रोझीनं डबी स्वतःकडे घेतली आहे. परवा सुशीलाकाकी आली आणि हात पुढे केला, तर वहिनीनं सरळ सांगितलं, "नको काकी, आज त्येंचो उपास आसा." मला वाटलं नव्हतं ती कुणाला नाही म्हणू शकेल.

काल नळीतलं पाणी नारिंगी आलं होतं. आज पिवळट आलं. शेवंतीचं एक फूल उघडलंय, मागच्या बाजूला, चटकन दिसत नाही असं. रोझीला बोलावून दाखवलं. ती काचेशी वाकली आणि तिनं मला विचारलं, "इतक्याच करूचा होता?"

मी हो म्हटलं. इतकंच करायचं होतं, बस्त्याव. तोंड उघडायचं होतंस. बादल्या मी उचलल्या असत्या. तुलाही उचललं असतं.